नऊ नंबरची खाच

पाणीखात्यात त्याचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला माहीत होतं. बाकी सगळे त्याला पाववळसा म्हणायचे. व्हॉल्व्ह उघडून झाला की कुणीही चावी काढून पुढच्या कामाला लागतो. हा मात्र हात चावीवर तसाच ठेवून, मान जरा कलती करून पाइपातला आवाज ऐकत उभा राहायचा आणि म्हणायचा, "अजून पाव वळसा." मग बरोबर तेवढाच फिरवायचा. शिंप्यानं तयार कोट अंगावर चढवून बघावा आणि बाहीला शेवटचा एक टाका घालावा, तसा.

चौतीस वर्षं हेच काम. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खांद्याइतकी उंच चावी खाली चेंबरमध्ये सोडायची, व्हॉल्व्हच्या दांड्यावर ती 'टक्' करून बसली की फिरवायला लागायचं. त्या 'टक्'चा त्याला अजूनही आनंद व्हायचा. नाटकातल्या माणसाला तिसऱ्या घंटेचा होतो ना, तसाच.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा त्याच्या मनात आलं, जाता जाता आपलं घर झाडून-पुसून जावं. नऊ नंबरच्या चेंबरमधला व्हॉल्व्ह त्याच्या वयाला शोभेल इतका जुना झाला होता. पूर्ण बंद होतच नसे. कितीही आवळा, आतून पाणी झिरपायचंच. पाववळशाला त्याची आतून लाज वाटायची. त्यानं अर्ज केले, पाठपुरावा केला, साहेबांच्या दाराशी तासन् तास उभा राहिला आणि शेवटी नवा कोरा व्हॉल्व्ह मिळवून स्वतःच्या हातानं बसवला. अठरा वळशांचा, आटे लोण्यासारखे. साहेबांनी हात मिळवला, हाताखालच्या लोकांनी चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी टेकडीवरचं पाणी बंद झालं.

नऊ नंबरचं काम साधं होतं, पण नाजूक. टाकीतून आलेला मोठा पाइप तिथं दुभंगतो. एक फाटा खालच्या वसाहतीत उतरतो, व्हॉल्व्ह त्याच्यावर; दुसरा टेकडी चढतो. आता पाणी काय, उतार दिसला की सुटलंच. त्याला वर चढवायचं तर खालची वाट जरा आवळून धरावी लागते. फार आवळली तर वसाहत कोरडी, फार सैल सोडली तर टेकडी कोरडी. जुना व्हॉल्व्ह ही कसरत तीस वर्षं बिनबोभाट करत होता. नव्याला ती येईना. दोन वळसे उघडला की वसाहतीत नुसती ठिबक, तिसरा वळसा संपायच्या आत सगळं पाणी धो धो खाली. पहिल्या चार वळशांत सारा कारभार आटोपायचा, उरलेले चौदा म्हणजे दंडांना व्यायाम. तिथं पाव वळशाची कला काय कामाची? चुकूनमाकून जमलं, तरी पाण्याच्या थरथरीनं तासाभरात पुन्हा बिनसायचं.

टेकडीवरचं अगदी शेवटचं घर त्याच्या अक्काचं. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी तो तिथंच जेवायचा. अक्का वाढताना टोमणे मारायची, तो मुकाट्यानं खायचा. सहा वर्षं दोघांचं असं छान चाललं होतं. आता अक्काचे गुडघे पार गेलेले आणि पाणी खालच्या वळणावरच्या नळावरून आणायचं. पंधरा दिवस तिनं बादल्या वाहिल्या. सोळाव्या दिवशी तिनं दूरच्या शहरातल्या लेकाला फोन केला आणि भावाला नवऱ्याच्या तोंडून निरोप दिला.

"ती म्हणते," दाजी घसा साफ करत म्हणाले, "तीस तारखेला मुलगा न्यायला येतोय. घर बंद करून आम्ही चाललो."

"अक्का, अगं जरा ऐक तरी!"

अक्का तीन हात अंतरावर बसून चिनीमातीचे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "त्याला सांगा, तो नळ बोलला की मी बोलेन."

"ती म्हणते..."

"ऐकलं दाजी. बहिरा नाहीये मी."

"नाही, पण मला मध्ये ठेवलंय तर काम नको करायला?" दाजी म्हणाले.

पाववळसा त्या रात्री न जेवताच उठला. पाणी गेलं ते आपल्याच हातानं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण कोडं सुटत नव्हतं. मोडका व्हॉल्व्ह काम करत होता आणि धडधाकट करत नाही, हा काय न्याय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भंगाराच्या शेडमध्ये गेला. जुना व्हॉल्व्ह कोपऱ्यात पडला होता, कुणीतरी त्यावर छत्री वाळत घातली होती. त्यानं तो उघडला. आत पाणी अडवणारी पोलादी चकती असते, दांडा फिरवला की ती वर सरकते. त्या चकतीच्या खालच्या कडेला त्याचं बोट अडकलं. तीस वर्षांच्या पाण्यानं आणि वाळूनं तिथं एक खाच कोरली होती. तिकोनी. कडेशी रुंद, वर जाता जाता निमुळती. चकती पुरती खाली असतानाही खाचेचं टोक तेवढं उघडं राहत असणार. म्हणजे झिरपत होतं ते तिथून. आणि वाढत होतं ते हळूहळू, तेही तिथूनच. ज्या दोषापायी त्याची मान खाली जायची, तोच दोष टेकडीला पाणी पाजत होता.

पाववळसा त्या शेडमध्ये एकटाच हसला. मग डोळे पुसले. गंज गेला असेल डोळ्यात.

चकती फडक्यात गुंडाळून तो इंजिनिअर बाईंकडे गेला. या बाई खात्यात नव्या, वयानं त्याच्या मुलीसारख्या, आणि त्यांचा एक गुण असा की समजलं नाही तर समजलं नाही म्हणायच्या.

"हा नवा व्हॉल्व्ह म्हणजे मानाचा जावई आहे, बाई," त्यानं सांगितलं. "एक तर रुसून बसणार, नाही तर घर डोक्यावर घेणार. मधलं काही त्याला येतच नाही. पण त्याच्या तोंडाशी पत्रा बसवला आणि पत्र्याला अशी तिकोनी खिडकी पाडली, तर पाणी मोजूनमापून जाईल. शिवाय वेळ पडली तर पूर्ण बंदही होईल. जुन्याला ते जमत नव्हतं."

बाईंनी खाचेवरून बोट फिरवलं. "काका, हे पाण्यानंच काढून दिलेलं ड्रॉइंग आहे. बनवा. पण साहेब फार दिवस थांबायचे नाहीत. टेकडीचे आणि वसाहतीचे लोक रोज येतायत."

खात्याच्या वर्कशॉपमध्ये त्यानं दोन दिवस घालवले. न गंजणारा जाड पत्रा घेतला, चकतीवरची खाच कागदावर जशीच्या तशी उतरवली आणि त्याबरहुकूम खिडकी कापली. कानशीनं कडा अशा गुळगुळीत केल्या की लोणी लावायचा मोह व्हावा. बावीस तारखेला दुपारी पत्रा बसला. बाई वसाहतीच्या टोकाला दाबाचं मीटर घेऊन, दाजी टेकडीवर नळापाशी फोन घेऊन, आणि पाववळसा चेंबरवर. एक वळसा. वसाहतीतून फोनवर बाईंचा आवाज आला, "काका, थांबा! रस्त्यावर पाणी आलं! एका बाईंची बादली वाहून चाललीय!"

"दाजी, वर काय?"

"वर नळ शीळ घालतोय. सुरात आहे, पण कोरडा."

मागून अक्काचा आवाज, "त्याला सांगा, शीळ ऐकली."

आधीपेक्षा वाईट! पाववळशानं व्हॉल्व्ह बंद केला, चावी खांद्यावर टाकली आणि चालू लागला. एवढं जपून केलेलं काम, आणि पाववळशालाच वळसा कळेना. नाट्यगृह भरलेलं असावं आणि ऐन वेळी वाक्य आठवू नये, तशी त्याची अवस्था झाली होती.

पुढचे दोन दिवस त्यानं पत्रा पुन्हा पुन्हा मापून पाहिला, पण चूक सापडेना. पंचवीस तारखेला दाजींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची आवराआवर होती. टेकडीच्या पायथ्याशी टीचभर दुकान. तो मदतीला गेला. गिऱ्हाइकं येऊ नयेत म्हणून दाजींनी शटर पूर्ण ओढून घेतलं होतं. आत दोघं खोक्यांवर बसून घड्याळं कापसात ठेवत होते. एवढ्यात बाहेरून कुणीतरी शटर थोडं वर उचललं. फटीतून दोन तपकिरी बूट दिसले.

"पोस्टमास्तर आले," दाजी म्हणाले.

"तोंड न बघता कसं ओळखलंत?"

"अहो मेहुणे, चाळीस वर्षं मी माणसं बुटांवरूनच ओळखतो. शटर खालून उघडतं ना! आधी पाय दिसणार, तोंड सगळ्यात शेवटी."

पाववळशाच्या हातातलं घड्याळ तसंच राहिलं. शटर वर गेलं. बूट, मग पॅंट, मग पोट, मग पोस्टमास्तरांचं घामेजलेलं तोंड. त्यानं उठून त्यांच्या हातून शटर ओढून खाली घेतलं, पुन्हा वीतभर उचललं, पुन्हा खाली घेतलं.

"माझं घड्याळ द्या आणि मग काय ते खेळा," बाहेरून पोस्टमास्तर ओरडले.

खाच चकतीवर होती, आणि चकती हलते. वर जाताना ती आपली खाचही सोबत घेऊन जाते. पत्रा मात्र जागचा हलत नाही. त्याच्यासमोरून चकती शटरसारखी वर जाते आणि खिडकी तळापासून उघडत जाते. त्यानं तिकोन जसाच्या तसा कापला होता, रुंद बाजू खाली. म्हणजे शटर उचलताच पोटच पहिल्यांदा बाहेर! खिडकी उलटी हवी होती. टोक खाली, रुंदी वर. चौतीस वर्षं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसानं हलणाऱ्याची नक्कल थांबलेल्यावर केली होती.

"दाजी, तुम्ही थोर आहात."

"हे जरा वर जाऊन सांगा. तिथं कुणी मानत नाही."

दुसरा पत्रा त्यानं एका दिवसात कापला. खालचं टोक किंचित गोल केलं, नाही तर वाळूच्या एका खड्यानं अडायचं. वरची रुंदी पाइपाच्या काठापर्यंत नेली, म्हणजे आग लागली, टँकर भरायचे झाले, तर पूर्ण उघडल्यावर पाणी अडायला नको. बाईंनी हिशेब करून दोन ठिकाणी रेघ सरकवली. त्यानं ती बिनतक्रार सरकवली, कारण बाईंचं बरोबर होतं.

अठ्ठावीस तारीख, सकाळचे दहा. तीच माणसं, त्याच जागा. चावी खाली उतरली. टक्.

पाच वळसे. बाई म्हणाल्या, "धार आली, बारीक." आठ. "वाढतेय. हळूहळू वाढतेय, काका!" दहाव्या वळशाला वसाहतीतली बादली पंचेचाळीस सेकंदांत भरली. आधी चाळीस लागत होते. पाच सेकंदांसाठी कुणी मोर्चा काढत नाही.

"दाजी?"

"शीळ बंद झाली." मग नुसता खरखराट. "खोकतोय. थुंकला, लाल पाणी... मेहुणे, करंगळीएवढी धार!"

पाववळशानं मान कलती केली. चावीच्या दांड्यातून पाण्याची गुणगुण त्याच्या तळहातात येत होती. किती दिवसांनी त्याला पुन्हा अधलंमधलं काही ऐकू येत होतं. त्यानं चावी उलटी फिरवली, अगदी थोडी. पाव वळसा.

"अंगठ्याएवढी!" दाजी ओरडले. "अंगठ्याएवढी, स्वच्छ! अगं, बादली आण!"

तो तासभर चेंबरच्या काठावर बसून राहिला. धार बदलली नाही. दुसऱ्या तासालाही बदलली नाही. बाई मीटर घेऊन परत आल्या आणि त्याच्या शेजारी फुटपाथवर बसल्या. मग त्याचा फोन वाजला. दाजींचा नंबर. पण पलीकडे कुणी 'ती म्हणते' म्हटलं नाही.

"चहा टाकलाय," अक्का म्हणाली. "आणि कप बांधलेल्या खोक्यात आहेत, दोरीला मी गाठ मारलीय ती मला सुटत नाही. तू येऊन सोड."

"सगळी खोकी सोडू का गं?"

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"आधी कपांचं सोड," अक्का म्हणाली. "बाकीची जेवून झाल्यावर बघू. मुलाला फोन मी करते. आणि ती चावी बाहेर ठेवून आत ये, फरशी मी आत्ताच धुतलीय. भरपूर पाण्यानं."