न घेतलेलं पाणी

अलिबागच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने गोळा करण्याचं काम करत होते. मुरुडकडच्या एका खाडीकाठच्या गावाच्या नळपाण्यात दुखण्यावरच्या गोळ्यांचे आणि वर्षानुवर्षं नष्ट न होणाऱ्या एका रसायनाचे अंश सापडले होते. ते कुठून आले, कळलं नव्हतं. खात्री करायला पुन्हा नमुने हवे होते, म्हणून मला पाठवलं. निघताना साहेबांनी बजावलं, "अहवाल पक्का होईपर्यंत गावात एक शब्द बोलायचा नाही."

मे महिना होता. आधी सरपंचांच्या घरचा नमुना घेतला. त्यांनी चहा दिला, मी प्यायले. शेवटचा नळ बौद्धवाडीत, एका निवृत्त शिक्षकांच्या अंगणात होता. सरांनी बाटल्या धरल्या, चिठ्ठ्यांवर सुरेख अक्षरात वेळ लिहून दिली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी तांब्या-भांडं घेऊन आल्या.

"घे बाय, पानी पी. ऊन किती हाय."

"नको, तहान नाही," मी म्हटलं.

घसा कोरडा पडला होता. पण त्या पाण्यात काय आहे ते मला माहीत होतं. त्या आत गेल्या. मी पेटी गाडीत ठेवली आणि गाडीच्या आडोशाला माझ्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायले. वळले तर मागे सर उभे. माझं पेन राहिलं होतं, ते द्यायला आले होते.

"असू द्या मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे पाणी न घेणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही."

"तसं नाही हो, सर."

"मग कसं?"

साहेबांची ताकीद आठवली. पेन घेतलं आणि गाडीत बसले.

माझं कारण वेगळं होतं, असं स्वतःला समजावत राहिले. परतीच्या वाटेवर काशीद मागे पडलं तेव्हा सरपंचांकडचा चहा आठवला. गावाची टाकी एकच, पाणी एकच. उकळल्याने जंतू मरतात, औषधं जात नाहीत, हे मीच लोकांना सांगायचे. तिथे कप पुढे आला तेव्हा मी विचारही केला नव्हता. इथे मात्र सगळं शास्त्र आठवलं. का? आमच्या घरी कामाच्या मावशींचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. तो वेगळा का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने परत गेले आणि सरांना पाण्याबद्दल सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सरपंचांकडे चहा घेतलात म्हणे?"

"हो."

त्यांच्या पत्नी दारात होत्या. "च्या म्हंजे बी पानीच की," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी माफी मागितली. "ते नंतर बघू," सर म्हणाले. "हे पाणी साफ कसं करायचं ते सांगा."

मी सांगितलं: खास कोळशाच्या थरातून पाणी सावकाश सोडायचं, कोळसा ही द्रव्यं धरून ठेवतो. पण तो भरला की काही अडवत नाही, म्हणून वेळेवर बदलावा लागतो. जुना कोळसा कुठेही टाकायचा नाही, नाहीतर तेच पुन्हा पाण्यात. सरांनी सगळं लिहून घेतलं.

हे कळल्यावर साहेबांनी मला झाडलं, नोकरी मात्र राहिली. अहवाल आला, सरांनी ग्रामसभेत विषय लावून धरला आणि वर्षभराने टाकीला कोळशाची गाळणी बसली. आता दर तीन महिन्यांनी मी तपासणीला जाते. पाणी चांगलं येतं. सरांच्या पत्नी माझ्याशी माशांच्या भावाबद्दल बोलतात, हसतात, पण पाण्याचं विचारत नाहीत.

गेल्या खेपेला मीच म्हटलं, "बाई, पाणी द्याल का?"

"नल हाय तिथं," त्या म्हणाल्या.

मी वाकून ओंजळीने प्यायले. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.