तीन तासांवरचा भाऊ

नंदाबाई टेंभुर्णीत ब्लाऊज शिवायची. माहेर वडीगोद्रीचं, पण तिथं आता कुणी उरलं नव्हतं. आई लवकर गेली. धाकट्या राधेश्यामला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं. तो आता आसामात, दिब्रुगढजवळ तेल कंपनीत फिटर. दिवाळीला रेल्वेनं यायचा. अर्धी रजा वाटेतच संपायची.

शेजारची आकांक्षा मराठी घेऊन एम.ए. झालेली. दुपारी ती मशीनजवळ बसून ब्लाऊजांना हुक लावू लागायची. एकदा नंदाबाई म्हणाली, "तुझ्या मोबाइलला इचार बरं, राधेश्याम किती लांब हाये?"

आकांक्षानं वाचून दाखवलं. दिब्रुगढ विमानतळ ते संभाजीनगर विमानतळ, एकवीसशे किलोमीटर. उड्डाणाला तीन तास.

"तीन तास? इथून यष्टीनं संभाजीनगरला जायाला लागतेत तेवढेच!"

"ताई, हे सरळ रेषेतलं आहे. असं थेट विमान नाहीच."

"नसू दे. अंतर तर तेवढंच हाये ना?"

त्या दिवसापासून तिचा भाऊ तीन तासांवर राहायला आला. ब्लाऊज न्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हे सांगायची. नवरा कचरू जीप चालवायचा. तो चिडवायचा, "मंग साल्याला म्हणाव, रोज जेवायलाच येत जा."

"येईल विमानानं. मीच आणायला जाईन. त्यानं दिलेली साडी नेसून."

ती आसामी साडी पेटीत घडीबंद होती.

वैशाखात एका सकाळी नंदाबाई मशीनवरच कलंडली. डॉक्टरनं मनगट धरलं, आणि सोडलं.

फोन गेला. राधेश्याम निघाला. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत, आणि माहेर म्हणजे तो एकटाच.

"किती वेळ लागंल त्याला?" भावकीतल्या तातेरावांनी विचारलं.

ओसरीवरच्या बायाच बोलल्या, "तीन तास. नंदाच सांगायची."

सगळे थांबले. कचरू जीपची किल्ली घेऊन विमानतळाकडे निघाला. तेव्हा भिंतीला टेकलेली आकांक्षा त्याच्या आडवी आली.

"दाजी, नका जाऊ. तसं विमान नाही. आधी गुवाहाटी, मग दिल्ली. उद्या दुपार होईल."

"पण ती तर म्हणायची…"

"हो."

कचरू किल्ली मुठीत धरून जीपच्या पायरीवर बसला.

ऊन कललं. एवढ्या उन्हाळ्यात देह उद्यापर्यंत राहण्यासारखा नव्हता. राधेश्यामचा फोन आला. तो गुवाहाटीत होता.

"थांबा ना दाजी. लुगडं घेतलंय मी. उद्या येतोच."

तातेरावांनी मावळतीकडे पाहिलं आणि मान हलवली. कचरूनं फोन आकांक्षाच्या हातात दिला.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही दिलेली साडी पेटीत आहे. तिनं घडी मोडली नाही अजून."

पलीकडून विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"मोड," तो म्हणाला.

आकांक्षानं पेटी उघडली. साडीच्या घडीत त्याच रंगाचा ब्लाऊज होता. शिवून झालेला. फक्त हुक लावायचे राहिले होते.

तिनं मशीनवर ठेवलेली हातशिलाईची सुई घेतली. ओवायला तिला फार वेळ लागला.