ब्राऊन बेल्ट आणि चक्कीची पट्टी

माझी मुलगी घाबरायची बंद झाली आणि माझी झोप उडाली. हे सांगितलं की बायका माझ्याकडे विचित्र बघतात. पोर धीट झाली तर आईने पेढे वाटावेत, असं त्यांचं म्हणणं. वाटा म्हणावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

धुळ्यात आमची पिठाची चक्की आहे. नवरा ट्रकवर, निम्मं आयुष्य त्याचं मुंबई-आग्रा रोडवर गेलं, घरी येतो तो पाहुण्यासारखा. चक्की मीच चालवते. तोंडाने मी फटकळ, गल्लीत कुणालाही विचारा. माहेर पारोळ्याकडचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीवर जमून पलीकडच्या गावच्या पोरींना शिव्या घालायची आमच्याकडे रीतच होती, त्यात मी कायम पुढे. आणि माझ्या पोटी ही पोर आली भित्री. पाल दिसली तरी पलंगावर चढून बसायची. म्हणून सातवीत असताना तिला कराटेला घातलं. जवळच बॉक्सिंगही शिकवायचे, पण तिथं तोंडावर मारतात म्हणे. नाक वाकडं झालं तर उद्या स्थळं बघताना काय सांगायचं? कराटेचं बरं होतं. पांढराशुभ्र ड्रेस, वाकून नमस्कार आणि तोंडाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, हेच चांगलं.

आणि खरंच चांगलं झालं. पोर ताठ चालायला लागली. पट्टे बदलत बदलत ब्राऊन बेल्टपर्यंत पोचली. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर तिचं प्रात्यक्षिक असायचं. एक मुलगा रबरी चाकू घेऊन अंगावर यायचा, ती त्याचा हात धरून असा काही पिळायची की चाकू खाली आणि पोरगाही खाली. लोक टाळ्या वाजवायचे. मीसुद्धा वाजवायचे, पिठाच्या हातांनी.

मग ती कॉलेजला गेली, आणि त्या थंडीत रस्त्याच्या वळणावर तो उभा राहायला लागला.

पंचवीस-सव्वीसचा असेल. मोटरसायकल लावून पानटपरीशी उभा. ती संध्याकाळी सायकलवरून परत येताना गाडी हळूहळू तिच्या मागे घ्यायचा. एकदा नंबर मागितला, तिने दिला नाही. बाकी काही बोलायचा नाही, हात लावायचा नाही. तक्रार करायची तर काय म्हणून करायची? नवरा फोनवर म्हणाला, "मी येईपर्यंत काही करू नको. उगाच पोरीचं नाव होईल." मी म्हटलं, तुम्ही याल कधी, पोळ्याला? आणि फोन ठेवून सरळ टपरीवर गेले.

चांगल्या निवडक शिव्या ठरवून गेले होते. तो पेरू कापत होता. छोटासाच चाकू, मिटून खिशात जाईल असा. मी समोर जाऊन उभी राहिले तरी त्याचा हात थांबला नाही. एक फोड कापली, तिच्यावर मीठ-तिखट टाकलं आणि चाकूच्या टोकावरच ती माझ्यापुढे धरली.

"घ्या मावशी. गोड शे."

किती सभ्यपणे बोलला! ती फोड माझ्या गळ्यापासून वीतभर अंतरावर होती. नदीच्या दोन्ही काठांना पुरून उरलेलं माझं तोंड, त्यातून एकही शिवी निघेना. "नको" म्हटलं आणि परत आले.

मुलीला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल, रस्ता बदलेल, मैत्रिणीबरोबर येईल. ती हसली.

"चाकू? मग त्यात काय? येतं आम्हाला ते. तू ना आई, सीरियल बघणं कमी कर."

"अगं, तो खरा चाकू आहे."

"हात तर हातच असतो ना? थांबू दे त्याला परत. उद्या विचारणारच आहे मी, काय प्रॉब्लेम आहे तुझा म्हणून."

तिच्या डोळ्यांत बघितलं. भीतीचा लवलेश नव्हता. खोटं कशाला सांगू, त्या चाकूची वाटली नसेल एवढी भीती मला त्या डोळ्यांची वाटली.

तेवढ्यात नाना आले दळण घेऊन. हे नाना म्हणजे भुसावळला रेल्वेत नोकरी केलेले, रेल्वेकडून बॉक्सिंग खेळलेले. आता निवृत्त होऊन धुळ्यात राहतात आणि सकाळी एका पत्र्याच्या शेडमध्ये पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतात. कान चेपलेला, नाक बसकं. मी ज्यांच्या नाकाला घाबरून पोरीला कराटेला घातलं ते हेच. त्यांचं कळण्याचं दळण असतं, ज्वारी-उडदाचं, जरा जाडसर लागतं. डबा ठेवताना त्यांनी आमचं बोलणं ऐकलं. मुलगी आत गेल्यावर मला हळूच म्हणाले, "ताई, चाकूले एकच उत्तर शे. पाय."

"म्हणजे लाथ?"

"लाथ नई. पळणं."

मला रागच आला. म्हटलं, "मग तुम्ही तरी काय शिकवता तिथं? पळायला?"

"या एकदा बघायला," ते म्हणाले.

गेले दुसऱ्या दिवशी सकाळीच. ती कॉलेजला निघायच्या आत परत यायचं म्हणून चक्की उघडलीच नाही. शेडमध्ये दोन मुली एकमेकींना मारत होत्या. डोक्याला टोप, दातांत रबर, हातांत फुगीर ग्लोव्हज, आणि खरंच तोंडावर मारत होत्या हो! एकीच्या नाकातून रक्त आलं. मी पदर तोंडाला लावला. ती पोरगी बाजूला बसली, नाक पुसलं, पाणी प्यायली आणि परत उठली. आई कुठं होती हिची?

नाना म्हणाले, "पहिला ठोसा बसला की माणसाचे डोळे मिटतात. कुणाचेही. मी ते उघडे ठेवायला शिकवतो आणि पाय हलते ठेवायला. बस. पण आमच्या रिंगमध्येही कुणी केस धरत नाही, ओढणी ओढत नाही. घंटा वाजली की थांबतात. ग्लोव्हज नसताना कुणाच्या कपाळावर ठोसा मारला तर आपलीच बोटं मोडतील."

"म्हणजे तुमचंही खोटंच की."

"खोटं नाही. अर्धं." मग म्हणाले, "कराटेवाले सर चांगले आहेत. मनगट सोडवायचं ते छान शिकवतात, तसं मलाही येत नाही. पण त्यांच्याकडे चाकूवाला एकदाच वार करतो आणि हात पुढे धरून उभा राहतो, पिळायला. रस्त्यावरचा माणूस उभा राहत नाही, ताई. तो शिवणयंत्राच्या सुईसारखा चालतो."

परत येताना कराटेच्या सरांनाही गाठलं. भला माणूस. मी विचारलं, तुमचा रबरी चाकूवाला मुलगा थांबतो का? ते खाली बघत म्हणाले, "ताई, क्लासमध्ये खरं कसं मारायचं?" बरोबरच होतं त्यांचं. पोरांना कोण खरं मारेल?

घरी आले तर ती सायकल काढत होती. तिला म्हटलं, थांब, आज कॉलेजला जायचं नाही.

"आई, पुरे ना आता!"

"एक कर. माझ्या हातातून चाकू काढून घे. घेतलास तर जा, मी परत या विषयावर तोंड उघडणार नाही."

चक्कीत धान्य खाली सरकावं म्हणून वरच्या तोंडाला टकटक करायची एक लाकडी पट्टी असते. हातभर लांब, गुळगुळीत झालेली. ती मी उचलली आणि पिठाच्या डब्यात बुडवली. तिने कॉलेजचा काळा टी-शर्ट घातला होता. मी शटर अर्धं खाली ओढलं. ती हसतच उभी राहिली, एक पाय मागे घेऊन.

पहिला वार तिने अडवला. फोटो काढावा असा. माझं मनगट धरलं, पिळायला गेली, आणि मी थांबले नाही. हिसका मारून हात मागे घेतला आणि परत मारला. परत. परत. पोटात, बरगडीत, काखेखाली. डाव्या हाताने तिची वेणी धरली आणि मारतच राहिले. मला काही येत नाही हो. मी आयुष्यात कुणाला चापट मारली असेल तेवढीच. पण मी घाबरलेली होते, आणि घाबरलेल्या माणसाचा हात थांबत नसतो.

"आई! असं नसतं करायचं! आई, थांब!"

"तो थांबणार आहे का गं? सांग ना! थांबणार आहे का तो?"

ती भिंतीला टेकली तेव्हा कुठे मी भानावर आले. हातातली पट्टी खाली पडली. कॅलेंडरशेजारी छोटा आरसा आहे, त्यात तिने स्वतःकडे बघितलं. काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या खुणाच खुणा. पोटावर तर जागा राहिली नव्हती. एक गळ्याच्या कडेला, कानाच्या खाली. तिथं तिने बोट लावलं, आणि बोटाला लागलेलं पीठ बघत राहिली.

मग तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. मला हवी होती तीच, पालीला बघून यायची तशी. चार-पाच वर्षं लागली होती पोरीची ती भीती जायला, मी एका सकाळी परत आणून ठेवली. माझा जीव तुटला. जवळ घ्यायला गेले तर ती मागे सरकली.

त्यानंतर ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. कॉलेजला मात्र वाट वाकडी करून जायला लागली, मैत्रिणीला धरून. ब्राऊन बेल्ट कपाटात गेला. मला वाटायचं, काय केलं मी हे? राहिली असती धीट तर काय बिघडलं असतं? आणि लगेच वाटायचं, सगळंच बिघडलं असतं. संध्याकाळी तिच्या यायच्या वेळेला मी गिऱ्हाइकांवर खेकसायचे. एकीच्या गव्हात बाजरी दळून ठेवली.

पुढचं आधीच सांगून टाकते. पोलिसांत आम्ही गेलो. नवरा मिळेल त्या गाडीने आला, तोही बरोबर होता. या वेळी सांगायला काहीतरी होतं. टपरीवरच्या त्या पोराला धरलं, चाकू मिळाला, मग तो जामिनावर सुटला. आता सुरतेला काकाकडे आहे म्हणतात. म्हणतात. मुलगी हल्ली सकाळी नानांच्या शेडमध्ये जाते, स्वतःच्या मर्जीने, आणि संध्याकाळी कराटेही सोडलेलं नाही. नाकाला एकदा लागलं. लागू दे.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

मैत्रीण आजारी होती, ती एकटी येणार होती. फोन करून सांग म्हटलं होतं, फोन आला नाही. दिवे लागले. चक्कीवर दोन बायका होत्या, पट्टा फिरत होता, आणि त्या आवाजातही मला तिच्या धावण्याचा आवाज आला. एकाच पायात चप्पल होती, म्हणून तसा येत होता, एक पाऊल वाजायचं, एक नाही. ती आत शिरली आणि पिठाच्या पोत्यांवर पडली.

"आई, मी पळाले."

"कुठंय तो?"

"गाडी आडवी घातली त्याने. हात धरला. मी सरांनी शिकवलं तसं मनगट सोडवलं. दुसऱ्या हातात... आई, मला मारता आला असता एक ठोसा. समोरच होता. मी नाही मारलं. सायकल टाकली आणि पळाले. ओरडलेसुद्धा नाही, आवाजच फुटला नाही." आणि हुंदका फुटला तिला. "एवढी वर्षं शिकून मी पळाले, आई!"

लाज वाटत होती तिला! मी कपाळावर हात मारून घेतला. तिची बॅग खांद्यावरून काढायला गेले तर माझी बोटं आत गेली. बॅगेला वरून खालपर्यंत चीर होती. आतलं पुस्तकही कापलेलं. तिला माहीतच नव्हतं.

मी तिला ओढून उभी केली, दिव्याखाली आणली. त्या बायका काय करताहेत ते मला दिसत नव्हतं. "हात वर कर. फिर. इकडे फिर." पोट चाचपलं, बरगड्या चाचपल्या, काखेखाली हात घातला, वेणी बाजूला करून गळा बघितला, कानाच्या खाली. जिथं जिथं मी त्या सकाळी मारलं होतं तिथं तिथं. माझे हात पिठाने भरलेले. लागेल तिथं तिच्या कुर्त्यावर पांढरं उमटत होतं, मी ते झटकून त्याखाली बघत होते, परत चाचपत होते.

"काय शोधतेस, आई?"

सगळीकडे नुसतं पीठच होतं. मी तिथंच खाली बसले आणि तिचा तो अनवाणी पाय पोटाशी धरून मोठ्याने रडले.