परेशचे पंधरा दोष

मी बॉक्सिंगच्या शेडमध्ये रोज सकाळी झाडू मारतो. हाताला बांधायच्या पट्ट्यांचे धागे निघतात, फाटक्या ग्लोव्ह्जमधला कापूस निघतो, कुणाची तरी एकच चप्पल निघते. किस्से मात्र झाडून निघत नाहीत, कोपऱ्यात साचत राहतात. परेशच्या गेल्या मॅचनंतर तर इतके साचले की पाय ठेवायला जागा नाही!

आमची शेड पनवेलला, जुन्या भातगिरणीच्या मागे. मी शाळेत फारसा गेलो नाही, मिठागरात गेलो. म्हातारपणी इथे लागलो. मॅचच्या वेळी कोपऱ्यात स्टूल, पाणी आणि बादली सांभाळायची, हे माझं काम. सगळे मला आबा म्हणतात.

परेश सुकापूरचा. प्रोफेशनल बॉक्सर व्हायचं म्हणून बंदरातली चांगली नोकरी सोडली. गेल्या मॅचला घाटावरच्या एका बॉक्सरसमोर दोनदा खाली पडला आणि पॉइंटवर हरला. त्याच बॉक्सरशी सहा आठवड्यांनी परत मॅच ठरली. मॅच भरवणाऱ्यांनी साफ सांगितलं, "या वेळी हरला तर पुन्हा बोलावणार नाही."

त्याचे काका दामूशेट बिल्डर. त्यांनी साईट सुपरवायझरचं पिवळं हेल्मेट आणून शेडमध्ये खिळ्याला टांगलंसुद्धा!

"टेन्शन नको घेऊस," पुतण्याला म्हणाले, "नुसता साईज बगून ठेव!"

*

आमच्याकडे एक रीत आहे. मॅचच्या दुसऱ्या दिवशी पंचनामा. बॉक्सरने उलट्या बादलीवर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बाकी प्रत्येकाने त्याचा एकेक दोष सांगायचा. कोच साळवी सर ते वहीत नंबर घालून लिहितात.

ट्रॅकसूट दामूशेटनी दिलेले, म्हणून पहिला मान त्यांचा. "जॅब मारल्यावं तुजा डावा हात खाली येतो. आलशी हाय तो हात!"

हे बरोबर होतं. सरांनी लिहिलं. मग कुणी म्हणालं हनुवटी वर राहते, कुणी म्हणालं मागे जाताना पाय एकात एक अडकतात. असे तेरा झाले. तेवढ्यात चहावाला आत आला आणि त्यानेही मत दिलं, "फूटवर्कच नाही राव याला!"

बोलता बोलता दोरीच्या उड्यांच्या दोरीत त्याचाच पाय अडकला. सहा कटिंग माझ्या सदऱ्यावर!

तरी सरांनी चौदा नंबर घालून लिहिलं, "फूटवर्क नाही."

*

मग मॅचचा व्हिडिओ बघायला बसलो. काढला होता दामूशेटनी. पण त्यांना स्वतःलाही त्यात यायचं होतं, म्हणून अख्खी मॅच सेल्फीत! पुढे शेटचा चेहरा आणि सोन्याची चेन, मागे कुठेतरी बॉक्सिंग. परेश पहिल्यांदा पडला तो शेटच्या कानामागे. दुसऱ्यांदा पडला तो गालामागे.

सर स्क्रीनला नाक लावून बघत होते. शेवटी ओरडले, "अहो शेट, डोकं जरा बाजूला घ्या ना!"

शेजारी बसलेल्या दामूशेटनी लगेच खुर्ची सरकवली. "आता दिसतंय का, सर?"

*

डाव्या हातावर सरांनी उपाय काढला. "दिवसभर हात गालाशी ठेवायचा. फोन कानाला लावतोस तसा. जेवताना, चालताना, कुठेही!"

परेश आज्ञाधारक. सुकापूरभर गालाशी हात लावून फिरला. त्याच आठवड्यात त्याला एक स्थळ बघायला आलं. पोहे झाले, चहा झाला, पाहुणे उठले आणि गेले ते गेलेच.

दामूशेटनी मुलीच्या बापाला फोन लावला. "पोऱ्या जरा फोनवं जास्त असतो, पन सवय जाईल."

तो म्हणाला, "शेट, फोनवर असता तर चाललं असतं हो. त्याच्या हातात फोनच नव्हता!"

*

तीन आठवडे झाले, तरी प्रॅक्टिसमध्ये परेशला ठोसे बसतच होते. मधे सर दोन दिवस आपटा गावाला लग्नाला गेले. त्या दोन दिवसांत परेशला एक ठोसा बसला नाही. हात वर, हनुवटी खाली, पाय मोकळे. मी टॉवेल घेऊन उभा होतो, तो कोरडाच राहिला.

तिसऱ्या दिवशी सर आले, दोरीला टेकले आणि ओरडले, "परेश, हात वर!"

धाडकन ठोसा बसला.

सरांनी कपाळाला हात लावला. "बघा आबा! दोन दिवस मी नव्हतो, तर पोरगा किती बिघडला!"

*

परेशची आई हिराबाय करंजाहून सुकी मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकते. लेकाला मारलेलं तिला बघवत नाही, म्हणून शेडमध्ये कधी येत नाही. एकदा डबा द्यायला आली आणि टोपली बाजूला ठेवून दारातच उभी राहिली. प्रॅक्टिस चालू होती. सर ओरडले, परेशला ठोसा बसला. परत ओरडले, परत बसला.

ती म्हणाली, "सर, रागावू नका. तुमी हाक मारता तवा यो तुमच्याकडं बगतो. मीच शिकवलंय त्याला बारीकपनी. मोठा मानूस बोलला का त्याच्याकडं बगून 'हो' म्हनायचा."

परेश खाली बघत उभा. मी मनात म्हटलं, सुटला पोरगा!

सरांनी खिशातून पेन काढलं. मग वही उघडली आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहिलं, "दोष नंबर पंधरा. आईचे संस्कार!"

*

मॅचचा दिवस आला. मला घाई जमत नाही, पण विचार करायला सहा आठवडे पुष्कळ झाले.

पहिली घंटा व्हायच्या आत मी सरांच्या एका हातात स्टूल दिलं, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. मग दातांवर बसवायचं जादाचं, कोरं गमशील्ड पुढे केलं. "सर, हे जरा धरा. डबी घरी राहिली. खाली ठेवलं तर खराब होईल."

"अहो आबा, कुठे धरू?" म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मी ठेवलं.

घंटा झाली. सर म्हणाले, "म्म्म! म्म्म्म!" परेशने काही वळून बघितलं नाही. राउंड संपला की मी ते काढून घ्यायचो, सर बोलायचे, परेश मान हलवायचा. घंटा झाली की परत, "सर, जरा धरा."

चौथ्या राउंडला घाटावरच्याने मागच्यासारखाच उजवा फेकला. परेशचा डावा हात जागेवर होता. ठोसा ग्लोव्हवर बसला. पुढच्या क्षणाला परेशचा उजवा गेला आणि तो गडी दोरीला धरून खाली बसला. रेफरीने दहा मोजले, तरी उठला नाही.

दामूशेट खुर्चीवर उभे राहून नाचायला लागले. परेश रिंगच्या मधोमध, हात वर, दात दाखवत हसतोय. मी दोन्ही गमशील्ड बादलीत धुवायला टाकली.

रिंगच्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. नवीन होत्या, कामाच्या पक्क्या. त्यांनी बादलीत बघितलं, एक गमशील्ड उचललं आणि उजेडात धरलं. मधून चावून त्याचे दोन तुकडे व्हायचे बाकी होते.

"अरे देवा! किती सोसलंय या माणसाने!" त्या म्हणाल्या. "कुठे आहे हा? आधी त्याचा जबडा बघू दे मला!"

मी सरांना पुढे केलं.