जाळी कोरडी होती

हे मी माझ्या घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्याशी रोज तासभर फोनवर बोलते त्या बहिणीलासुद्धा नाही. तलासरीजवळच्या वेवजीच्या एका पाड्यातली अकरा घरं सोडली तर हे कुणालाच माहीत नाही, आणि ती अकरा घरं काही तुमच्या ओळखीची नसणार. म्हणून तुम्हाला सांगते. बसा जरा. एरवी मी फटकळ आहे, पण ही गोष्ट माझ्या तोंडून सरळ निघत नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी डहाणूची. काही वर्षं तलासरीच्या बाजारात एका इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला होते. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. मिक्सर, पंखे, गिझर, घरघंटी असला सगळा माल. घरघंटी म्हणजे घरात ठेवायची पिठाची छोटी चक्की, ठेंगण्या कपाटाएवढी. गुजरातची हद्द जवळ, त्यामुळे मशीनही तिकडून यायची आणि नावही तिकडचंच. शेठ माल विकायचे. विकलेला माल बिघडला की माणसं माझ्याकडे यायची. तक्रारीचं टेबल माझं.

तुम्ही कधी कंपनीला तक्रारीचा फोन लावलाय? लावलाच असेल म्हणा. मराठीसाठी तीन दाबा म्हणतात. दाबलं की पलीकडून हिंदी. मग गाणं. तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे — अहो, एवढा मोलाचा आहे तर उचला ना मेल्यांनो! अर्ध्या तासानं कुणीतरी तक्रारीचा नंबर देणार, लांबलचक. मेकॅनिक येईल म्हणणार. तो येत नाही, मेसेज येतो : तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आम्हाला किती तारे द्याल? मशीन माझ्या पायाशी पडलेली, आणि तक्रार म्हणे सुटली. कुणी सोडवली, भुतानं?

आणि शिव्या कुणाला? मला. कंपनी कुठे दिसते? मी दिसते. रोज आठ तास मी दुसऱ्याच्या पापाची बोलणी खात होते. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. तेव्हा माझं डोकं कसं असायचं, एवढंच कळावं.

त्या वर्षी घरघंटीचा एक लॉट आला. दिसायला झकास, वर फुलांचं चित्र. आणि महिन्याभरात एकेक परत यायला लागली. जळका वास, मोटर जाम. तिसरी आली तेव्हा कंपनीचा मेकॅनिक कसा कोण जाणे, खरंच उगवला. त्यानं मशीन उघडून बघितली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "बेन, या लॉटचं बेअरिंगच हलकं आहे. मी बोललो असं कुठे सांगू नका." मी शेठना सांगितलं. शेठनी कंपनीला फोन लावला, कंपनीनं हात वर केले, शेठ म्हणाले, "चालसे." चालेल म्हणे. संपलं.

म्हणजे मला माहीत होतं. पुढचं ऐकताना हे विसरू नका. मला पक्कं माहीत होतं.

मग सुनंदा आली.

वेवजीची बाई. तीसेक वर्षांची, बारीक, काळीसावळी, डोळे मोठे. घरघंटी घेऊन गेली होती तेव्हा नुसती उडत होती. घरच्यांना ही मशीन नको होती. गावातली गिरणी काय वाईट आहे, असं सासूचं म्हणणं, आणि नवऱ्याचं त्याहून जोरात. पण हिनं दोन हंगाम चिकूच्या वाडीत तोडणीला जाऊन स्वतःच्या कमाईची आणली. पाड्यातल्या बायकांचं दळण घरीच दळून देणार होती. मला विचारून विचारून सगळी बटणं पाठ केली होती. जाताना म्हणाली, "मॅडम, बिघडली तर तुम्ही आहात ना?" मी म्हटलं, हो, मी आहे ना.

तीन आठवड्यांत परत. जीपमध्ये मशीन, बरोबर नवरा आणि सासू. बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मी सकाळपासून दोन तास त्या मेल्या गाण्यात अडकलेले. नवऱ्यानं आल्या आल्या आवाज चढवला. आणि तिकडे, चार हातांवर, एक जोडपं त्याच घरघंटीचं झाकण उघडबंद करत उभं. शेठनी माझ्याकडे बघितलं. नुसतंच बघितलं. काही म्हणाले नाहीत, उगाच त्यांच्या माथी मारत नाही.

मी मशीन उघडली. आतली जाळी काढून हातात घेतली. ओलं धान्य दळलं तर या जाळीला पिठाचा लगदा बसतो, घासून निघत नाही. तिची जाळी कोरडी होती. स्वच्छ. रोज पुसून ठेवत असणार.

मी जाळी परत आत सरकवली आणि विचारलं, "तांदूळ धुऊन दळलेत का?"

आता हा प्रश्न किती नीच आहे, हे तुम्ही आमच्या भागातले नसाल तर कळणार नाही. आमच्याकडे भाकरीचे तांदूळ धुतल्याशिवाय दळतच नाहीत. धुवायचे, लुगड्यावर पसरायचे, कडक सुकवायचे. दाणा दातात धरला की कट्कन मोडला पाहिजे, मग दळायचे. माझी आई तसंच करते. मी तसंच करते. माझ्याच घरचं पीठ तसं होतं त्या दिवशी! असल्या सुक्या दाण्यानं मशीनला काहीही होत नाही. पण विचारलं तर प्रत्येक बाई काय म्हणणार? हो, धुतले होते.

ती म्हणाली, "हो, धुतले होते."

"मग झालं तर. ओलं दळलंत, मोटर जळली. हे वॉरंटीत बसत नाही."

ती म्हणाली, अगदी हळू, "दोन दिवस उन्हात होते, मॅडम." मला ऐकू आलं. मी फॉर्म भरत राहिले. बिघाडाचं कारण : ग्राहकाने ओलसर धान्य दळल्यामुळे. खाली तिची सही घेतली. तिनं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर जोडून. नवरा ओरडायचा थांबला होता, कारण त्याला ओरडायला दुसरं माणूस सापडलं होतं. सासू म्हणाली, "तरी मी सांगत होते, हिला झेपायचं नाही." आणि ती तिघं जळकी मशीन उचलून निघून गेली.

त्या जोडप्यानं घरघंटी घेतली. वापरणाऱ्याच्या चुकीनं बिघडते म्हटल्यावर कोण नाही घेणार?

का केलं मी असं? दमले होते, वैतागले होते, सगळं खरं. पण खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोष माझ्या टेबलावरून उठून दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर गेला होता. खापर फोडायला माणूस मिळालं की किती हलकं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. लाज वाटते सांगायला. पण तसंच वाटलं होतं.

एवढ्यावर थांबत असेल असं वाटतं का? वर्षभरानं वेवजीची दुसरी एक बाई कुकर घ्यायला आली. मी घरघंटी दाखवली — नवीन कंपनीची, चांगली. ती हसायला लागली. म्हणे, नको बाई, आमच्या पाड्यात एकीनं ओलं दळून मशीन जाळली, आता तिला कुणी रेडिओचं बटणसुद्धा दाबू देत नाही, मशीनवाली म्हणतात तिला. आणि तेव्हापासून आम्ही तांदूळ धुणंच सोडलं, न धुताच दळतो, भाकरीत कचकच लागते पण गिरणी तरी वाचते.

मी काय केलं? मी हसले. तिच्याबरोबर हसले. कुकर बांधून दिला.

पुढे ते दुकान सुटलं. घर, संसार, डहाणूतच दुसरं काम. सहा-सात वर्षं गेली. विसरले होते का? छे. घरी तांदूळ धुवायला घेतले की आठवायचं. मग मी भराभरा दुसरं काहीतरी बोलायला लागायचे. घरचे म्हणायचे, हिचं तोंड एक मिनिट बंद नसतं.

गेल्या उन्हाळ्यात मी मिक्सर घेतला. महिनाभरात बंद. नवऱ्याला घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. टेबलामागे एक बाई, डोळे माझ्यासारखेच पेंगुळलेले. तिनं मिक्सर उघडून बघितला, झाकला आणि विचारलं, "वाटण गरम असताना घातलं होतं का?"

कांदाखोबरं भाजून कुणी दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबतं का, तुम्हीच सांगा! पण मी तो प्रश्न ओळखला. तो माझाच होता. माझ्या तोंडून निघून इतकी वर्षं फिरून तिच्या तोंडात बसला होता. आणि शेजारी माझा नवरा — गरीब माणूस, कधी वर आवाज नाही — माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला नेहमी सांगतो, जरा धीर धरत जा."

बाई गं. काय वाटलं ते सांगता येत नाही. मी तिथे एवढी भांडले, एवढी भांडले की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मिक्सर बदलून मिळाला. घरी आले आणि तो तसाच खोक्यात ठेवून रडत बसले. नवऱ्याला वाटलं, मिक्सरसाठी.

चौथ्या दिवशी बहिणीकडे जाते असं सांगून मी तलासरीची एसटी पकडली. पुढे जीप. वेवजीला उतरून सुनंदाचं घर विचारलं, तर समोरचा म्हणाला, "कोण? मशीनवाली?"

ती अंगणात मिरच्या निवडत होती. सासू ओट्यावर, नवरा खाटेवर. मला ओळखलं तिनं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बेअरिंग खराब होतं, मला माहीत होतं, जाळी कोरडी होती, तुमची काही चूक नव्हती. सासूच्या तोंडातली मशेरी तशीच राहिली. नवरा जमिनीकडे बघायला लागला, तो मी तिथून निघेपर्यंत जमिनीकडेच बघत होता.

सुनंदा म्हणाली, "मला माहीत होतं. तांदूळ मीच सुकवले होते ना."

मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या घालेल. दोन्हीची तयारी करून गेले होते. तिनं हात झटकले, पदर खोचला आणि म्हणाली, "इथं सांगून काय उपयोग? चला."

आणि मला पाड्यात घेऊन निघाली. घरोघर! दारात उभी राहायची, आतल्या बाईला हाक मारायची आणि माझ्याकडे बघून एकच शब्द : "सांगा." मी सांगायचे. पहिल्या दोन घरांत मी नुसतं बेअरिंगचंच सांगत बसले. तिसऱ्या घरात म्हटलं, माझ्याकडून चूक झाली. सुनंदा मध्येच म्हणाली, "चूक नाही, मॅडम. खोटं बोललात. तसं सांगा." मग चौथ्या घरापासून तसं सांगितलं. मी खोटं बोलले. काय सांगू तुम्हाला, सातव्या घरापर्यंत माझ्या अंगावरून गोणी उतरल्यासारखं झालं. बोलायला दम लागेना. सासूही काठी टेकत मागून येत होती. आठव्या घरात तर तीच माझ्याआधी सुरू झाली, "अगं, हिनं काही केलं नव्हतं..." सुनंदानं तिला थांबवलं. "आई, तुम्ही नका. त्यांना बोलू द्या."

शेवटचं घर बचत गटाच्या अध्यक्षबाईंचं. तिथं मला कळलं की गटाला पिठाची गिरणी मंजूर झालीय, मोठी. कोण चालवणार त्याची चार नावं काढली होती. सुनंदाचं त्यात नव्हतं. कसं असेल? मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरं, आता पुढच्या बैठकीत तिच्या नावाचं बघू.

"बैठकीत काय बघायचंय?" सुनंदा म्हणाली. "गिरणी मी चालवणार. आणि तांदूळ धुऊन आणायचे सगळ्यांनी."

मला कुणी चहा विचारला नाही, पाणीही नाही. बरोबरच केलं. मी माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर द्यायची की नाही हे ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर गेलं असतं. मी येते म्हटलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती अध्यक्षबाईंशी भांडत होती, गिरणी शाळेच्या बाजूला ठेवायची की विहिरीच्या. मी एकटीच निघाले. जीप यायला वेळ होता, रस्त्याला सावली नव्हती, आणि तिचा आवाज तिथपर्यंत खणखणीत ऐकू येत होता.