देवखोलचं पाणी

मी कमी बोलते हे सगळ्या हिंगोलीला माहीत आहे. का कमी बोलते, हे माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कुणी नाही, म्हणूनच सांगता येतंय. आणि ऐकून तुम्ही मला चांगलं म्हणावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही.

गोष्ट समुद्राकाठच्या घराची आहे. हसू नका — तेव्हाही लोक हसलेच. हिंगोलीच्या कापूसवाल्यांना समुद्र कशाला? पण माझ्या थोरल्या दिरांना दमा. वैशाखात इथं त्यांना श्वास पुरायचा नाही, आणि डॉक्टरांनी खारी हवा सांगितलेली. उन्हाळ्यापुरतं कोकणात एक घर घ्यायचं ठरलं. दीर आणि माझे यजमान आगबोटीनं जाऊन दोन गावं बघून आले. देवखोल आणि वरोंडं. मध्ये खाडी, या काठावरून त्या काठावरचं माणूस चालीवरून ओळखू यावं, एवढीच. देवखोलला बंदर, बाजार, वर्दळ. वरोंड्याला माडांची बाग, लांबच लांब वाळू, शांतता. घरं दोन्हीकडची मनाजोगी. भावाभावांचं काही ठरेना.

थोरल्या जाऊबाईंचं मात्र ठरलेलं होतं. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. त्यांची एकुलती लेक कुसुम देवखोललाच दिलेली; जावई तिथं बंदरावर कारकून. लेकीच्या घरी आईबापानं मुक्काम करायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आपली रीत. मग लेक बघायची कशी? तिच्या गावात आपलं घर असलं तर! आक्का दिवसभर तेच बोलायच्या. कुसुमला न्हाऊ घालीन, कुसुमची वेणी घालीन, पोरगं रोज दुपारी येऊन जाईल.

आणि एकदा भाकरी थापता थापता, अगदी सहज, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला काय गं धाकटे, तुला कुठलंबी गाव सारखंच."

मला मूल नाही. आई मी पाहिलेली नाही. तुम्ही आता हळहळणार असाल तर हे इथंच ठेवून द्या. कीव नको म्हणूनच तर इतकी वर्षं गप्प राहिले. त्या वाक्यात खोट नव्हती. आक्का वाईट होत्या असं सांगता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण त्या माझ्या ताटात आधी तूप वाढायच्या. मला राग आला. एवढंच. तो अजूनही येतो.

आता डाळीचं सांगते. आमच्याकडं घर घ्यायचं असो की सोयरीक करायची असो, त्या गावच्या पाण्यात आधी तूर शिजवून बघतात. डाळ फुटली तर पाणी गोडं. कणी राहिली तर जड पाणी, तिथं पोट टिकायचं नाही. म्हणून दोघं भाऊ दोन्ही घरांच्या विहिरींचं पाणी शरबताच्या बाटल्यांत भरून घेऊन आलेले. देवखोलच्या बाटलीला लाल दोरा, वरोंड्याच्या बाटलीला पांढरा. शेजारचे कापसाचे दलाल गफूरभाई ओसरीवर पोट धरून हसले होते. "सेठ, लोगां समंदर देखने जाते. तुमी बावडी का पानी उठा लाये!" दीर म्हणाले, "हसा, हसा. पण समिंदराच्या पाण्यात वरण होतं व्हय?"

डाळ मी शिजवायची होती. आक्का नरसीला गेलेल्या — नामदेवाला सांगायला, देवखोल होऊ दे म्हणून. घरात मी एकटी. दोन चुली, दोन पातेली, प्रत्येक चुलीपुढं तिची तिची बाटली. लाल दोऱ्याच्या पाण्यात डाळ अशी फुटली की पळीनं हलवायचीही गरज नाही. पांढऱ्या दोऱ्याच्या पाण्यात कणी तशीच — टणक.

मी बाटल्यांच्या जागा बदलल्या.

झालं. एवढाच गुन्हा. चुलीपुढून उठायलासुद्धा लागलं नाही. वाईट वाटलं का? नाही. उलट त्या घरात पहिल्यांदा काहीतरी मी ठरवत होते, आणि ते मला आवडलं. दीर आले, दोन्हीकडची डाळ बोटांत दाबून बघितली आणि म्हणाले, "वरोंडं."

आक्का नरसीहून परतल्या त्या पदरात प्रसाद बांधूनच. ऐकलं, दारातच बसल्या. मग म्हणाल्या, "पाणीच तसं निघालं, तर कुणी काय करावं?" आणि गाठ सोडून पहिला प्रसाद माझ्याच हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

दर उन्हाळ्यात आम्ही वरोंड्याला जात राहिलो. तिथली डाळ शिजायची कशी? मी शिजवायची. हिंगोलीहून पापडखार नेत असे आणि चिमूटभर पातेल्यात टाकत असे. चुलीपाशी कुणाला येऊ दिलं नाही. लोक म्हणायचे, धाकटीला कामाची भारी हौस! दीर पाहुण्यांना विहिरीचं पाणी कौतुकानं पाजायचे. आक्का मात्र दुपारभर तरीपाशी, देवखोलला जाणाऱ्या होडीच्या धक्क्यावर, बसून राहायच्या. कुसुमच्या सासूनं सोडलं तर कुसुम यायची — एखाद्या उन्हाळ्यात दोनदा, एखाद्यात एकदाही नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिथंच होतो. इकडं रझाकारांची धामधूम. दुकानाची किल्ली गफूरभाईंच्या हाती देऊन आम्ही निघून गेलेलो. पावसाळ्यात खाडीवरची होडी बंद असते, हे उन्हाळी पाहुण्यांना कुठून ठाऊक? आषाढात आक्कांना ताप भरला. खाडी उधाणलेली, वळशाच्या वाटेवरचे ओढे फुगलेले. निरोप कोळ्यांनी आरोळ्या देऊन पोचवला. कुसुम त्या काठावर येऊन उभी राहिली, पावसात, डोक्यावर इरलं घेऊन. खिडकीतून मला ती दिसत होती. आक्कांना मान उचलवत नव्हती.

"कुसुम आली का गं?"

"येऊन राहिली, आक्का."

हेही खोटंच. दोन दिवस मी तेच सांगत होते. तिसऱ्या दिवशी विचारायला त्या उरल्या नव्हत्या. देवखोलला घर असतं तर कुसुम चालत आली असती, छपरांच्या वळचणीखालून, पदरसुद्धा न भिजता.

उधाण ओसरल्यावर आलेली कुसुम मला म्हणाली, "काकू, तुमी होत्या म्हणून बरं." मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. खरं सांगितलं नाही. ती माझी भीती होती, तिला दुसरं नाव देऊ नका.

आता हिंगोलीत सगळं शांत झालंय. गफूरभाईंनी किल्ली परत आणून दिली. दीर वैशाखात वरोंड्याला जायचं म्हणतात. कुसुमलाही बोलावलंय. सगळे पानावर बसतील.

या खेपेला मी पापडखार नेणार नाही. डाळ शिजणार नाही. कणी दाताखाली येईल आणि कुणीतरी म्हणेल, काहून शिजली न्हाई? तेव्हा मी पातेलं पुढं ठेवीन आणि कुसुमच्या पानाशी बसून सांगीन.