आकड्यांच्या जाती

आमच्या सिहोऱ्याच्या राईस मिलमागं कोंडा कोणी मुद्दाम साठवत नाही, तरी ढीग होतोच. किस्स्यांचंही तसंच. चाळीस वर्षं मी तिथं दाताखाली दाणा धरून धानाचा ओलावा सांगितला. यंदा ते काम मशीनकडं अन् त्यातल्या वैशालीच्या प्रोग्रामकडं गेलं. आमच्या शेजारची शिकलेली पोर. शेठनं बजावलं, "शनिवारपर्यंत नीट चाललं तं ठेवतो, नाही तं आबाजीचे दात आहेतच!" दात माझे उरले चार. अन् शेठनं नाही ठेवलं, तर पोर पुण्याला जाणार, माय इथं एकटी.

*

मी विचारलं, "बाई, यात तू केलं काय?"

"आबाजी, प्रोग्रामात एरवी सगळे आकडे एकाच जातीचे. मी हरेक आकड्याले स्वतःची जात देल्ली. चौदा टक्के ओलाव्याची येगळी, सतराची येगळी. जात पाहूनच मशीन धान घ्यायचा-नाकारायचा नियम लावते. आत 'चौदा का सतरा' अशी विचारपूस नाही."

"हे तं गावात पहिलेपासूनच आहे. त्याले कम्प्युटर कायले?"

*

पहिल्याच दिवशी सदूभाऊंचं धान आलं. ओलावा चौदा पॉइंट तीन! नियम लिहिलेले फक्त पूर्ण आकड्यांचे. मशीनवरच्या मोठ्या बोर्डावर उमटलं, 'या जातीसाठी नियम नाही.' मागं ट्रॅक्टरांची रांग. शेठ मशीनवर ओरडला, "अरे, चौदाच समजून घे ना!" मशीन कायले समजून घेते!

सदूभाऊ पोत्यावर हात फिरवत म्हणाले, "तीन पिढ्या धान पिकवून राहिलो. बिनजातीचं आजच निघालं!"

*

मग वैशालीनं असं केलं की येईल त्या आकड्याची जात मशीननं जागेवरच तयार करावी. नवा आकडा आला की मशीन बराच वेळ विचार करत बसे. तोच परत आला की झटक्यात! पहिला जाईल तो अडकतो, मागचा सुटतो, हे लोकांना कळलं. नंबरासाठी भांडणारे हात जोडू लागले, "तुम्ही मोठे, तुम्ही पहिले जा!" "नाही नाही, मान तुमचा!" दुपारपर्यंत कोणी समोर जाईना. एवढी सभ्यता मी लग्नाच्या पंगतीतही पाहिली नाही.

*

शुक्रवारी पोर कपाळाला हात लावून बसली. मी म्हटलं, "बाई, माह्या दाताले आकडे कुठं कळत होते? घ्या, वाळवा, वापस न्या. तीनच गोष्टी."

तिनं आकड्यांच्या साऱ्या जाती पुसल्या. ठेवल्या तीन. "आबाजी, हे आधी काहून नाही सांगतलं?"

"विचारलं कोणी?"

*

शनिवारी मशीन फटाफट. तेवढ्यात शेठच्या साळ्याची ट्रॉली आली. बोर्डावर मोठ्या अक्षरात, 'वापस न्या'.

शेठ वैशालीच्या कानाशी वाकला. "पोरी, याच्यासाठी एक येगळी जात टाकता येते का?"

पोरीचं काम त्याच्याच हातात!

"येते ना शेठजी. पण जातीचं नाव बोर्डावर उमटते. काय टाकू? 'शेठचा साळा'?"

शेठनं बोर्ड पाहिला. मागची रांग पाहिली.

"ट्रॉली वापस घे रे!" तो साळ्यावर ओरडला. मग घसा खाकरून वैशालीला म्हणाला, "सोमवारी किती वाजता येशीन?"